संशोधनाचा माग : शिवाजी विद्यापीठातील विज्ञान आणि त्याचा प्रभाव

प्रस्तावना

विद्यापीठात काय शिकवले जाते हे अभ्यासक्रमांवरून समजते आणि किती जणांना शिकवले जाते हे पदवीदान समारंभात दिसते. परंतु विद्यापीठ ज्ञानात स्वतःची कोणती भर घालते आणि ती भर पुढे कोणाच्या कामी येते, हे जाणून घ्यायचे तर बराच दूरवर माग काढावा लागतो. शोधनिबंध प्रसिद्ध झाला की संशोधकाचे काम एका अर्थाने पुरे होते, पण निबंधाचे आयुष्य तेथूनच सुरू होते. तो कोणी वाचतो, कोणी त्यातील कृती आपल्या प्रयोगशाळेत करून पाहतो, कोणी त्यातील आकडे पुन्हा तपासून दुरुस्त करतो, तर कोणी त्याचा आधार घेऊन अगदी वेगळ्या प्रश्नाच्या मागे लागतो. या सगळ्या हालचालीला मिळून संशोधनाचा प्रभाव म्हणतात. आणि ज्या निबंधांतून, प्रबंधांतून, नमुन्यांतून व पेटंटांतून ती सुरू होते, त्या साऱ्याला संशोधन-निष्पत्ती असे म्हणता येईल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात गेल्या सहा दशकांत या दोहोंचे नाते कसे घडत गेले आणि ते कोणत्या मापाने मोजावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी युद्ध सुरू असतानाच, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार हे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठ नवे असले तरी शिक्षणाची भूक या भागाला नवी नव्हती. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून चालू होते. राजर्षी शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करून १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. आणि सातारा जिल्ह्यातील काले येथे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कुलापर्यंत आणि पुढे कॉलेजापर्यंत नेले होते. या मुलांना एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी मुंबई-पुण्याला जावे लागू नये, ही विद्यापीठामागची साधी पण फार मोठी अपेक्षा होती. त्यामुळे आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या या विद्यापीठाच्या ८५३ एकरांच्या परिसरात जे विज्ञान वाढले, त्यात घरातल्या पहिल्या पदवीधराचा वाटा सुरुवातीपासून मोठा राहिला. त्याच्या संशोधनाचा स्वभाव समजून घेताना ही पार्श्वभूमी सतत ध्यानात ठेवावी लागते.

प्रभाव मोजण्याची जी साधने आज सर्वत्र वापरली जातात, त्यांचा आणि या विद्यापीठाचा जन्म जवळजवळ एकाच काळातला आहे. विज्ञानाच्या वाढीचाच शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या डेरेक डी सोला प्राइस यांचे ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि फिलाडेल्फियातील यूजीन गारफील्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ मध्ये सुरू झाली. एका निबंधाने आपल्या शेवटी दिलेल्या यादीत दुसऱ्या निबंधाचे नाव घेणे म्हणजे संदर्भोल्लेख. गारफील्ड यांनी या उल्लेखांची दिशा उलटी करून दाखवली, म्हणजे एखाद्या जुन्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला हे शोधण्याची सोय केली. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. एखाद्या संशोधकाचा एच-निर्देशांक ४० आहे, याचा अर्थ त्याच्या किमान ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० संदर्भोल्लेख मिळाले आहेत. अशा आकड्यांच्या आधारे जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली, ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणून ओळखली जाणारी जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी अलीकडे दरवर्षी चर्चेत असते, आणि तिच्यात शिवाजी विद्यापीठाशी निगडित अनेक नावे असतात, ही या परिसराच्या अभिमानाची गोष्ट आहे.

अभिमान बाळगतानाच त्या आकड्यांची मर्यादाही ओळखायला हवी. पदार्थविज्ञानात एका निबंधाखाली शंभर संदर्भ सहज असतात आणि निबंध महिन्यामहिन्याला निघतात. गणितात किंवा वनस्पतींच्या वर्गीकरणात संदर्भ थोडे असतात आणि एखादे काम मान्य व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. तेव्हा दोन शास्त्रांतील संशोधकांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे उसाचे वजन आणि केशराचे वजन एकाच काट्यावर करून शेतकऱ्यांची योग्यता ठरवण्यासारखे आहे. विज्ञान-नियतकालिकांच्या संपादक-प्रकाशकांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार केलेला जाहीरनामा आणि २०१५ मधील लायडन जाहीरनामा या दोहोंनी, नियतकालिकाच्या प्रतिष्ठेवरून किंवा एकट्या आकड्यावरून संशोधनाची किंमत करू नये, असेच बजावले आहे. दुसरी मर्यादा त्याहून खोल आहे. संदर्भोल्लेखाची सूची फक्त एका निबंधाकडून दुसऱ्या निबंधाकडे गेलेली वाट दाखवते, आणि ज्ञान काही तेवढ्या एकाच वाटेने जात नाही. शिवाजी विद्यापीठाच्या बाबतीत निदान चार वाटा स्पष्ट दिसतात: दुसऱ्याच्या हाती गेलेली रीत, सर्वांच्या तोंडी बसलेले नाव, परगावी गेलेला विद्यार्थी आणि ज्या मातीतून प्रश्न उचलला त्या मातीला परत मिळालेले उत्तर. यांपैकी पहिली वाट आकड्यांत बऱ्यापैकी उतरते, बाकीच्या तीन फारच अपुऱ्या उतरतात.

रीत म्हणजे काय, हे पाहण्यासाठी भौतिकशास्त्र विभागातील पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या संशोधनाकडे वळावे लागते. काच, पोलाद किंवा अन्य आधारावर एखाद्या पदार्थाचा काही नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर जाडीचा थर बसवला की त्या थराला ठोकळ्याच्या स्वरूपातील त्याच पदार्थाहून निराळे गुण येऊ शकतात. सौर घट, वायू-संवेदक, आरशांवरील लेप आणि विद्युत साठवणीची साधने यांचे काम अशा थरांवर चालते. उत्तम थर बनवण्याची प्रतिष्ठित रीत निर्वात यंत्राची, आणि ते यंत्र महाग असते, त्याची देखभाल त्याहून अवघड असते. तेलसंकटानंतर सौर ऊर्जेच्या संशोधनाला जगभर जोर चढला, त्या काळात शिवाजीराव पवार आणि त्यांचे विद्यार्थी यांनी कोल्हापुरात रासायनिक व विद्युत-रासायनिक मार्ग धरला. द्रावण, बीकर, काचपट्टी, तापमान राखणारे साधे उपकरण आणि भरपूर चिकाटी एवढ्या सामग्रीवर अर्धवाहकांचे थर बनू लागले. विद्युत-निक्षेपणाने म्हणजे द्रावणातून वीज सोडून अर्धवाहकांचे थर कसे बसवावेत, याचा सविस्तर आढावा चंद्रकांत लोखंडे आणि पवार यांनी १९८९ मध्ये घेतला. त्या लेखापर्यंत कोल्हापूरचा हा मार्ग केवळ नाइलाजाचा उरला नव्हता. ती एक विचारपूर्वक घडवलेली शाखा झाली होती.

यातील एक रीत थोडी तपशिलाने सांगण्यासारखी आहे. वाय. एफ. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या आणि ‘सिलार’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत काचपट्टी प्रथम धन आयनांच्या द्रावणात बुडवतात, मग शुद्ध पाण्यात खळबळून सैल चिकटलेले आयन काढून टाकतात, त्यानंतर ती ऋण आयनांच्या द्रावणात बुडवतात आणि पुन्हा पाण्यात धुतात. या चार पायऱ्यांचा एक फेरा झाला की पट्टीवर अत्यंत पातळ पापुद्रा बसतो. असे दहा, पन्नास, शंभर फेरे केले की हव्या त्या जाडीचा थर मिळतो. सगळे काम बहुधा खोलीच्या तापमानालाच होते, आणि जाडी फेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असल्याने ती हाताशी राहते. धातूंचे सल्फाइड, सेलेनाइड अशा संयुगांसाठी रासायनिक रीती कशा वापराव्यात याचा राजाराम माने आणि लोखंडे यांनी २००० मध्ये घेतलेला आढावा, तसेच सिलार पद्धतीवर हबीब पठाण आणि लोखंडे यांनी २००४ मध्ये बंगळूरच्या ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये लिहिलेला लेख हे दोन्ही या विषयात हात घालणाऱ्या नवख्याने आधी वाचावेत असे झाले आहेत. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, प्रमोद पाटील यांनी तापलेल्या पट्टीवर द्रावणाचे तुषार सोडून थर बनवण्याच्या, म्हणजे स्प्रे पायरोलिसिसच्या, नाना उपयोगांचा आढावा घेतला आणि कथिल, जस्त, टंगस्टन यांच्या ऑक्साइडांचे थर बनवणाऱ्यांना एक भरवशाचा आधार मिळाला.

या लेखांचे जगभर इतके संदर्भोल्लेख का झाले, याचे कारण त्यांतील कोणत्याही एका चमकदार शोधापेक्षा त्यांच्या उपयोगात आहे. ज्या प्रयोगशाळेला कोट्यवधींचे यंत्र परवडत नाही, तिलाही त्यांनी आधुनिक पदार्थविज्ञानाचे दार उघडून दिले. एकदा थर बसवण्याचा हात बसला की पदार्थ बदलून प्रश्न बदलता येतो, आणि कोल्हापुरात तसेच घडले. सौर घटांकडून संशोधन विजेच्या दाबाने रंग बदलणाऱ्या काचांकडे गेले, तेथून वायू-संवेदकांकडे, आणि पुढे सुपरकपॅसिटरकडे. सुपरकपॅसिटर म्हणजे पदार्थाच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या अगदी लगत विद्युतभार साठवून तो झपाट्याने देणारे साधन. बॅटरीपेक्षा साठा कमी, पण घेण्या-देण्याचा वेग फार मोठा. त्यासाठी रुथेनियमचे ऑक्साइड उत्तम, पण ते अतिशय महाग. म्हणून मँगनीज, कोबाल्ट, लोह अशा स्वस्त धातूंच्या ऑक्साइडांचे थर रासायनिक रीतीने बनवून पाहण्याचे काम येथे मोठ्या प्रमाणावर झाले. धातूंच्या ऑक्साइडांच्या थरांवर आधारित सुपरकपॅसिटरांचा लोखंडे, दीपक दुबल आणि कोरियन शास्त्रज्ञ ओ-शिम जू यांनी २०११ मध्ये घेतलेला आढावा या टप्प्याची खूण आहे. अलीकडे तुकाराम डोंगळे आणि त्यांचे सहकारी मेमरिस्टरवर, म्हणजे पूर्वी वाहून गेलेल्या विद्युतभाराची आठवण आपल्या रोधात साठवणाऱ्या घटकावर, काम करत आहेत. लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये त्याची केवळ सैद्धांतिक कल्पना मांडली होती. कोल्हापुरात त्याला वस्तुरूप देताना मदतीला आले ते पुन्हा पातळ थरच.

सुपरकपॅसिटरांच्या आढाव्यातील कोरियन नाव दुसऱ्या एका वाटेकडे नेते. या शतकाच्या आरंभापासून कोल्हापूरचे पीएच.डी. झालेले विद्यार्थी मोठ्या संख्येने दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांत पोस्ट-डॉक्टरल संशोधनासाठी जाऊ लागले. सोलमधील हानयांग विद्यापीठ आणि ग्वांग्जूमधील चोन्नम राष्ट्रीय विद्यापीठ ही नावे विभागाच्या परिसरात पन्हाळा-जोतिबाइतकी ओळखीची झाली. तेथे महागडी मोजणी-यंत्रे होती, येथून गेलेल्यांकडे द्रावणातून थर घडवण्याचा कसलेला हात होता, आणि दोहोंच्या भेटीतून शेकडो संयुक्त निबंध निघाले. गेलेल्यांपैकी काही परतून महाराष्ट्रातील विद्यापीठांत रुजले: राजाराम माने नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि हबीब पठाण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. स्वतः लोखंडे निवृत्तीनंतर कोल्हापुरातीलच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात गेले. सूचीत हे सारे निबंध वेगवेगळ्या संस्थांच्या नावावर जमा होतात आणि शिवाजी विद्यापीठाच्या खात्यातून निसटतात. तरीही ज्याने संशोधनाची पहिली काचपट्टी विद्यापीठाच्या सागरमाळावरील परिसरातल्या प्रयोगशाळेत धुतली, त्याच्या पुढच्या कामात या विद्यापीठाचा अंश असतोच. गुरू-शिष्यांची अशी वंशावळ तयार करणे, हे प्रभावाच्या अभ्यासातील एक अत्यावश्यक आणि आजवर मागे पडलेले काम आहे.

वनस्पतिशास्त्राची वाट याहून निराळी आहे, कारण तेथे ज्ञान नावाच्या रूपाने पसरते. वर्गीकरणशास्त्रज्ञाला एखादी वनस्पती नवी वाटली, की तो तिचा प्ररूप नमुना, म्हणजे पुढे सर्वांनी पडताळणीसाठी पाहावा असा मूळ वाळवलेला नमुना, वनस्पतिसंग्रहालयात जमा करतो, तिचे शास्त्रशुद्ध वर्णन करतो आणि तिला दुपदी नाव देतो. त्या नावामागे नाव देणाऱ्यांची नावे कायमची जोडली जातात. कासच्या पठारावरच्या तळ्यांत फुलणाऱ्या वायतुऱ्याचे शास्त्रीय नाव ‘अपोनोजेटन सातारेन्सिस’ असे आहे आणि १९८२ मधील त्या नामकरणात सुंदरराघवन व कुलकर्णी यांच्यासह श्रीरंग यादव यांचे नाव आहे. पुढे शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशके सह्याद्रीचे सडे, कडे आणि ओहोळ पालथे घातले. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रकाशित केला, तेव्हा एका जिल्ह्यातील सपुष्प वनस्पतींची विश्वासार्ह नोंद पुढच्या प्रत्येक अभ्यासकाच्या हाती आली.

या कामाचा मानबिंदू म्हणजे कंदीलपुष्प, शास्त्रीय भाषेत ‘सेरोपेजिया’. या वेलींचे व रोपांचे फूल खरोखरच कंदिलासारखे असते. त्याच्या नळीत शिरलेली बारीक माशी आतल्या केसांमुळे काही काळ अडकून पडते आणि सुटताना परागकण घेऊन जाते. यांच्या अनेक जाती पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाहीत, काही तर एखाद्या गडाच्या उतारापुरत्याच उरल्या आहेत, आणि कंद खाण्याजोगे असल्याने त्यांवर माणसाचा व रानडुकराचा डोळा असतो. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या दुर्मीळ जाती जतन करून वाढवल्या गेल्या, हे संशोधन छापील पानाबाहेर पडून जिवंत राहिल्याचे उदाहरण आहे. विशाळगडावर आढळलेल्या एका नव्या जातीला २०२३ मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे छत्रपतींचे नाव मिळाले, त्या संशोधकांतही यादव होते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा ठरवली, त्यांतील महाराष्ट्राची चार, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, ही शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राशी जोडलेली आहेत. तेव्हा या विद्यापीठाने वनस्पतींची नोंद नीट ठेवणे ही जगाच्या वतीने पार पाडायची जबाबदारी ठरते. ज्या जांभ्याच्या सड्यांवर ही फुले उमलतात त्याच सड्यांखाली बॉक्साइट आहे. खाणीचा विचार करताना तेथे काय नष्ट होणार हे सांगण्याची ताकद अशा नोंदीतच असते. आणि तरीही वनरक्षक, पर्यटक, शाळेतील शिक्षक किंवा दुसरा शास्त्रज्ञ जेव्हा ते नाव वापरतो, तेव्हा मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची प्रथा नाही. म्हणून वर्गीकरणशास्त्राचा प्रभाव जितका सर्वव्यापी, तितका तो सूचीत अदृश्य राहतो.

याच विभागाची दुसरी परंपरा घाट उतरून किनाऱ्यावर गेली. कोकणातील खाड्यांच्या काठची तिवरे खाऱ्या चिखलात उभी राहून प्रकाशसंश्लेषण कसे करतात, मीठ कसे सोसतात आणि कसे बाहेर टाकतात, यावर जी. व्ही. जोशी यांनी आणि नंतर लीला भोसले यांनी काम केले. खारफुटीला इंधनाच्या लाकडापलीकडे फारसे कोणी मोजत नव्हते, त्या काळात हे संशोधन झाले. आज किनाऱ्याच्या संरक्षणासाठी कांदळवनांचे महत्त्व शासनापासून सर्वांना पटले आहे. अशा उशिरा आलेल्या मान्यतेमागे कोणाचे शांतपणे केलेले काम उभे असते, हे आकड्यांना सांगता येत नाही.

मातीतून उचललेल्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र पाण्याचे आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा कोल्हापूरला वळसा घालून, इचलकरंजीजवळून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. इचलकरंजी हे यंत्रमागाचे आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचे शहर; तेथील रंगीत सांडपाणी हा नदीकाठच्या गावांचा जुना जाच आहे. कापड रंगवण्यासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅझो रंगांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि कापड धुतल्यावर, उन्हात वाळल्यावर रंग टिकावा म्हणून हे रेणू मुद्दाम चिवट बनवलेले असतात. जो चिवटपणा कापडावर गुण ठरतो तोच नदीत दोष ठरतो. जीवरसायनशास्त्र विभागात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असा विचार केला की जेथे वर्षानुवर्षे रंगाचे पाणी सोडले जाते, तेथील मातीत ते पचवायला शिकलेले सूक्ष्मजीव असणारच. त्यांनी अशा जागांवरून जिवाणू वेगळे केले, कोणते विकर, म्हणजे एन्झाइम, तो नायट्रोजनचा बंध तोडते हे शोधले आणि एकट्या जिवाणूपेक्षा दोन-तीन सूक्ष्मजीवांचा गट काम अधिक पुरते करतो हे दाखवले.

या संशोधनातील एक दक्षता विशेष नोंद घेण्यासारखी आहे. पाण्याचा रंग गेला म्हणजे विष गेले असे होत नाही. रेणूचे तुकडे कधी मूळ रंगाहून अधिक घातक असतात. म्हणून प्रक्रिया केलेल्या पाण्यात ज्वारी आणि उडदाचे बी रुजवून अंकुर व मूळ किती वाढते हे मोजले गेले, आणि कांद्याच्या मुळांच्या पेशींवर परिणाम तपासला गेला. शेतकऱ्याला ज्या पिकाची काळजी, तेच पीक प्रयोगशाळेत साक्षीदार झाले. पुढे झेंडू, पेटुनिया, गॅलार्डिया, चिनी गुलाब अशी बागेतली फुलझाडे मुळांवाटे हे रंग शोषून त्यांचे विघटन करतात का, यावरही काम झाले. खाद्य पिकाऐवजी फुलझाड निवडल्याने विष अन्नसाखळीत शिरण्याचा धोका टळतो, हा त्यामागचा साधा आणि शहाणा विचार. जिवाणूंकडून होणाऱ्या अ‍ॅझो रंगांच्या विघटनावर गोविंदवार आणि त्यांच्या सहलेखकांनी २०११ मध्ये लिहिलेला आढावा चीनपासून ब्राझीलपर्यंत जेथे जेथे कापड रंगते तेथे वाचला जातो. पंचगंगेचे पाणी मात्र अजून नितळ झालेले नाही. प्रयोगशाळेतील फ्लास्क आणि कारखान्याचा हौद यांच्यामध्ये पैसा, कायदा, नगरपालिका आणि उद्योजक असे अनेक टप्पे असतात, आणि त्या टप्प्यांवर विद्यापीठाचा निबंध एकटा पोहोचू शकत नाही. जगाने मानलेले संशोधन ज्या नदीसाठी सुरू झाले तिच्यापर्यंत पोहोचणे, ही प्रभावाची सर्वांत कठीण कसोटी आहे.

इतर शाखांचा येथे धावता उल्लेख पुरेसा होईल. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा मध्यम वारंवारतेचा रडार आहे. जमिनीपासून सुमारे ८० ते ९८ किलोमीटर उंचीवर, जेथे फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह उतरू शकत नाही, तेथील वारे तो मोजतो. तिरुनेलवेली येथील तशाच रडारच्या नोंदींशी त्याच्या नोंदी ताडून पाहिल्याने विषुववृत्ताजवळच्या आणि त्याच्या थोड्या उत्तरेच्या वातावरणातील लाटांचा फरक अभ्यासता येतो. संख्याशास्त्रात दिगंबर शिर्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्पादनाची गुणवत्ता तपासणाऱ्या नियंत्रण-तक्त्यांच्या अशा पद्धती विकसित केल्या, ज्यांत मोजमापांचे वितरण आधीच गृहीत धरावे लागत नाही. दुसऱ्याच्या कामी येणाऱ्या रीतीचा हाच न्याय इतिहासातही लागू पडतो: आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ किंवा विलास संगवे आणि बी. डी. खणे यांनी संपादित केलेले राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड हे पुढच्या अभ्यासकांना कच्चा माल पुरवतात. भौतिकशास्त्रात जे स्थान रीतीचे, ते इतिहासात विश्वासाने वापरता येईल अशा साधनग्रंथाचे.

या सगळ्याकडे एकत्र पाहिले तर शिवाजी विद्यापीठाच्या विज्ञानाचे बळ कशात आहे, याचे उत्तर हाती येते. जेथे त्याने दूरच्या श्रीमंत प्रयोगशाळेशी तिच्याच साधनांनी स्पर्धा केली तेथे नव्हे, तर जेथे त्याने आपल्या अडचणीलाच प्रश्न बनवले, आपल्या सड्याला आणि नदीला विषय बनवले, तेथे त्याचा ठसा उमटला. साधने तुटपुंजी असणे हे भाग्य नव्हे, आणि त्याचे गोडवे गाणे हा त्या संशोधकांवर अन्याय होईल; त्यांना चांगली यंत्रे, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती आणि भरलेल्या प्राध्यापकांच्या जागा मिळाल्या असत्या तर त्यांचे काम आणखी पुढे गेले असते. पण अडचणीतून सापडलेली रीत जेव्हा जगातील इतर अडचणीतल्या प्रयोगशाळांना उपयोगी पडते, तेव्हा तिची योग्यता अडचणीपुरती राहत नाही.

म्हणूनच आजच्या परिस्थितीबद्दल काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. प्राध्यापकांची नेमणूक व बढती निबंधांच्या संख्येशी बांधली गेल्यापासून देशभर निकृष्ट आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले, आणि एका चांगल्या कामाचे चार तुकडे करून चार निबंध करण्याची सवय लागली. संख्येच्या मागे लागलेल्या व्यवस्थेत डोंगरावर वीस वर्षे फिरून एक जिल्हा-फ्लोरा लिहिणारा अभ्यासक टिकणे कठीण आहे, आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतीबरोबर बसून सांडपाण्याचा हौद उभारणाऱ्या संशोधकाला तर गुणच मिळत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात प्रबंध खुले होऊ लागले, त्यामुळे ग्रंथालयाच्या कपाटात बंद असलेले बरेच काम आता कोणालाही वाचता येते. तरी ते बहुतांश इंग्रजीत आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि विज्ञान मराठीत नेमकेपणाने सांगता येते हे सिद्ध केले. त्याच प्रदेशात झालेले संशोधन तेथील शेतकऱ्याला, मागवाल्याला आणि शाळकरी मुलाला त्याच्या भाषेत मिळू नये, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे आणि ती भरून काढली पाहिजे.

प्रस्तुत विषयात शिरणाऱ्या वाचकाने म्हणून आकडे टाळू नयेत, पण त्यांच्यापाशी थांबूही नये. संदर्भोल्लेखांची संख्या दिसली की ती कोणत्या शाखेची, कोणत्या काळातली आणि कोणत्या प्रकारच्या लेखाची हे विचारावे. संख्या लहान दिसली तर ते ज्ञान दुसऱ्या कोणत्या वाटेने गेले असेल याचा शोध घ्यावा. आणि प्रत्येक कामाबाबत, हे आता कोणाच्या हातात आहे, असा प्रश्न करावा. एखाद्या छोट्या प्रयोगशाळेत आज कोणी विद्यार्थिनी बीकरमधून काचपट्टी काढून शुद्ध पाण्यात धूत असेल, कोणी वनरक्षक कंदीलपुष्पाचे नाव पर्यटकांना सांगत असेल, आणि त्या दोघांनाही कोल्हापूरचे नाव ठाऊक नसेल. शिवाजी विद्यापीठाचे ‘ज्ञानमेवामृतम्’ हे ब्रीद अशा वेळी अक्षरशः खरे ठरलेले असते, कारण ते ज्ञान आपल्या जन्मस्थानाची ओळख न सांगताही दुसऱ्याच्या कामात जगत असते. त्याचे जन्मस्थान शोधून त्याची नोंद करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य, आणि त्याच ज्ञानाला पुन्हा पंचगंगेच्या काठी आणून सोडणे हे विद्यापीठाचे.